साबणाशिवाय

आमच्या कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारे मामा प्रत्येक बाटली खिडकीशी धरून बघायचे आणि "व्हय, झाली" असं तिलाच सांगून खाली ठेवायचे.

मी साबणासारखं काहीही न घालता तेल, पाणी आणि अल्कोहोल एकजीव करत होते. जमलं तर त्यातून कातडीला न चुरचुरणारं औषध करता आलं असतं. एका सकाळी मिश्रण काचेसारखं नितळ राहिलं. मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायला निघाले, तर मामा दारातच उभे.

"ताई, थांबा. काल घरी पावणं आलतं, म्हणून घाई केली. बाटल्या साबणानं धुतल्या आन् एकदाच विसळल्या. तुमच्यात साबण ऱ्हायला असंल की."

ते गप्प बसले असते, तर कुणाला कळलंही नसतं. मला त्यांचा रागच आला.

त्यांनी सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या. दुपारी त्यांत तेच मिश्रण नव्याने केलं, तर ते ताकासारखं पांढरं झालं; सकाळचा नितळपणा साबणाचाच होता. मामांनी मान खाली घातली.

मी प्रमाणं बदलत राहिले. महिन्याभराने मिश्रण नितळ झालं आणि तसंच टिकलं. शोधनिबंधात 'साबणविरहित' हा शब्द मी मामांच्या भरवशावर लिहिला.