कूलरचा लाल दिवा

आमच्या गल्लीत कूलरचा शॉक लागून एक बाई गेली, तेव्हा मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला होते. ती चौथ्या घरातली, मी तिला मावशी म्हणायचे. मे महिन्यातली दुपार होती. कूलर चालू होता आणि टाकीतलं पाणी संपत आलं होतं. तिनं बादली रिकामी केली आणि तोल सावरायला ओला हात पत्र्यावर टेकवला. तिची नऊ वर्षांची मुलगी त्याच खोलीत गृहपाठ करत बसली होती.

दहा-बारा दिवस गल्लीत कोणी कूलर लावला नाही. पण नागपूरचा उन्हाळा माणसाला दुःखसुद्धा धड करू देत नाही. लहान मुलांच्या अंगावर घामोळं उठलं, एका म्हाताऱ्याला लू लागली, आणि एकेक करून कूलर पुन्हा घरघरू लागले. फरक इतकाच, की आता पाणी भरताना बाया मला हाक मारायच्या. "लाइटीचं शिकून राहिली नं वं तू? ये बरं जरा, पाह्यून दे." मी टेस्टर घेऊन जायची, पत्र्याला लावायची. टेस्टरमधला इवलासा दिवा लागला नाही की म्हणायची, "भरा." एवढ्या एका शब्दाची मला भीती वाटू लागली. मी कॉलेजात असताना कोण पाहणार?

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला हेल्पर होते. त्यांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "विजेचं भेव ठेवलंच पाहिजे. पण भेवानं काम नाही होत. काहीतरी कर."

दुसऱ्या वर्षी प्रदर्शनासाठी मॉडेल करायचं होतं, तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं. वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी सावनेरची, मुलींच्या होस्टेलवर राहणारी. तिचं डोकं माझ्यापेक्षा चपळ होतं. कूलरची लोखंडी बॉडी आणि विजेची न्यूट्रल तार यांच्यामध्ये झिरोचा लाल बल्ब जोडायचा, ही कल्पना आम्हा दोघींची. आत कुठे वायर कापली जाऊन करंट बॉडीत उतरला, तर बल्ब पेटेल. दिवा लागला की कूलरला हात लावायचा नाही, प्लग काढायचा. टेस्टर नको, मी नको. अडाणी माणसालाही कळेल असं.

सरांना ते फार आवडलं. प्रदर्शनात आम्हाला पहिला नंबर मिळाला आणि मॉडेल राज्याच्या प्रदर्शनाला पाठवायचं ठरलं. त्याआधीच आमच्या घरी आणि गल्लीतल्या आणखी पाच घरांत मी दिवे बसवले होते. सातवा दिवा मैत्रीण सुट्टीत सावनेरला आपल्या काकांकडे घेऊन गेली. मावशीच्या घरी मी सगळ्यात आधी बसवला. मावशीचा नवरा, त्यांना मी काका म्हणायचे, मिलमध्ये कामाला होते, मुळातच कमी बोलणारे. मी स्क्रू पिळत असताना ते मागे उभे होते. "मागच्या साली हा असता त..." एवढंच बोलले आणि बाहेर निघून गेले.

त्यानंतर आठवडा गेला असेल. दुपारी कॉलेजातून घरी आले. आईनं झाडताना कूलरचा प्लग काढला होता आणि पुन्हा लावला होता. कूलर छान चालला होता. लाल बल्ब विझलेला होता. म्हणजे सगळं ठीक. तरी जुन्या सवयीनं मी खिशातला टेस्टर काढून पत्र्याला लावला.

टेस्टर पेटला.

मला आधी वाटलं, बल्ब उडाला असेल. बटण बंद केलं, प्लग काढला, बल्ब काढून दुसरीकडे लावून पाहिला. चांगला पेटत होता. तो परत जागेवर बसवला, प्लग उलटा फिरवून लावला, बटण दाबलं. आता टेस्टर पेटेना. पुन्हा फिरवला. पेटला.

मग कळलं. आमच्याकडे सगळ्यांचे दोन पिनांचे प्लग. तो कसाही घुसतो. सरळ लावला तर आमची तार न्यूट्रलला, उलटा लावला तर तीच तार जिवंत. मग करंट बल्बातून सरळ कूलरच्या पत्र्यात. कोणी हात लावेपर्यंत बल्ब पेटणार नाही, आणि हात लावल्यावरही पेटेलच असं नाही. कूलर चांगला होता. त्यात करंट सोडायची वाट मी करून दिली होती, सहा घरांत, माझ्या हातानं. वर सगळ्यांना बजावलं होतं, दिवा लागला नाही तर बिनधास्त हात लावा.

"आई, याले हात नको लावू!" एवढं ओरडून मी प्लग उपटला आणि तशीच अनवाणी पळाले. रस्ता तव्यासारखा तापला होता, ते घरी परतल्यावर तळपाय पाहिले तेव्हा कळलं.

पहिल्या दोन घरांत मी तडक आत शिरून प्लग काढले. "काय झालं गं?" "काही नाही, मग सांगते." तिसरं घर शिंपी मास्तरांचं. सत्तरीचे, एकटे राहायचे, अजूनही मशीनवर बसून गल्लीतल्या पोरांच्या चड्ड्या शिवायचे. कूलर त्यांच्या पाठीशीच होता. मी टेस्टर लावला, तो पेटला. प्लग काढून मी खालीच बसले.

"मास्तर, तुम्हाले काही झालं नाही नं?"

"कायचं?"

"या कूलरले हात लागला का तुमचा?"

त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहिली. "तीन दिवस झाले, इथं झिणझिण होते. दिवा त लागला नव्हता. मले वाटलं, म्हातारपण आलं, हाताले मुंग्या येऊन राहिल्या."

मास्तर मशीन चालवताना जाड रबराच्या चपला घालायचे, पाय घसरू नये म्हणून. त्या चपलांमुळे ते वाचले. पण त्यांनी स्वतःच्या हाताला खोटं ठरवलं आणि माझ्या दिव्याला खरं मानलं. त्यांनी मला माठातलं पाणी दिलं. ते पिऊन मी उठले.

मावशीचं घर पुढेच होतं. दार उघडं, काका ड्यूटीवर. त्यांची मुलगी कूलरजवळ उभी होती, हातात रबरी पाइप, पाणी टाकीत पडत होतं. दुसरा हात कुठे आहे ते मला दारातून दिसेना. मी ओरडले नाही. ओरडले असते तर तिनं दचकून पत्रा धरला असता. मी भिंतीकडे गेले, बटण बंद केलं, प्लग ओढला, आणि मग तिच्या हातातून पाइप घेतला.

"काहून वं ताई? दिवा त नाही लागला," ती म्हणाली.

तिच्या घरचा प्लग सरळ लागलेला निघाला. निव्वळ नशीब. पाचव्या घरचाही सरळच होता.

राहिला सावनेरचा. मैत्रीण अजून होस्टेलवर परतली नव्हती. फोन करावा तर तिच्या काकांकडे फोन नव्हता, पत्र जायला दोन दिवस. बाबा पाचच्या सुमारास कोराडीहून आले, कॉलरवर नेहमीसारखी राख. मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी प्लग हातात घेऊन दोनदा उलटसुलट केला आणि म्हणाले, "मीही त पाह्यला होता हा दिवा. मलेही नाही समजलं." हात धुतले नाहीत, चहा घेतला नाही. आम्ही दोघं बसस्टँडवर गेलो.

सावनेरची बस कोराडीवरूनच जाते. बाबा जिथून नुकते आले तोच रस्ता. कोळशाच्या ट्रकांमागे बस रेंगाळायची आणि मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसायची. प्रत्येक स्टॉपवर मला वाटायचं, आत्ता कोणीतरी पाणी भरत असेल. बाबा एकदाच बोलले. "तिथं पोचल्यावर जे असन ते असन. तू लपवू नको, बस."

मैत्रिणीनं आम्हाला दारात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. मी धापा टाकत विचारलं, "दिवा कुठाय?"

"फुटला," ती म्हणाली. "लावला त्याच दिवशी. काकांच्या पोरानं घरात बॉल मारला. तुले राग येईन म्हणून सांगतलं नाही. काहून?"

मी उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. तिच्या काकूंना वाटलं, एका बल्बासाठी ही पोरगी एवढं रडते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पाचही घरच्या मोठ्या माणसांना आमच्या अंगणात बोलावलं. सांगायचं मलाच होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं, की दिवा चुकीचा होता, चूक माझी होती, आणि मास्तरांचा जीव जाता जाता राहिला. मी काकांकडे पाहत नव्हते. मग त्यांचाच आवाज आला.

"माही पोरगी पाणी भरून राहिली होती?"

"हाव."

ते उठले. मला वाटलं, निघून चालले. ते बाबांजवळ गेले आणि म्हणाले, "मग आता काय करायचं ते सांगा. मी उद्या सुट्टी टाकतो."

जे करायचं होतं ते काही नवं नव्हतं. ते पुस्तकात पहिल्या वर्षालाच होतं, आणि म्हणूनच बहुधा मला तो शोध वाटला नव्हता. नळाजवळच्या ओल्या जागेत पुरुषभर खोल खड्डा खणला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. तिथून प्रत्येक घरात अर्थिंगची तार नेली, कूलरच्या बॉडीला पक्की केली, म्हणजे बॉडीत उतरलेला करंट जमिनीत जाईल आणि फ्यूज उडेल, आणि तीन पिनांचे प्लग लावले. लोकांनी फ्यूजमध्ये जाड तार घातली होती, वारंवार उडू नये म्हणून. ती बाबांनी काढून बारीक घातली. खड्डा जास्त करून काकांनीच खणला. दुपारभर ते वर आले नाहीत.

सोमवारी मी सरांकडे गेले. ते मॉडेलच्या पेटीवर पत्ता लिहीत होते. मी प्लग फिरवून दाखवला. सर खुर्चीत बसले, चष्मा काढला. "मी तपासलं होतं हे," ते हळूच म्हणाले. पेटी गेली नाही. मैत्रीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, तीन पिनांचा प्लग लावून मॉडेल पाठवता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण माझी हिंमत झाली नाही. पुढे बोलायला लागली तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी तू सावनेरले नसती आली, त मी दुसरा बल्ब आणून लावणारच होती."

त्या उन्हाळ्यात शेजारच्या दोन गल्ल्यांनी आम्हाला बोलावलं. तिथेही खड्डे झाले. प्रत्येक घरी तार जोडून झाली की मी टेस्टर लावायची, मग प्लग काढून पुन्हा लावायची आणि पुन्हा टेस्टर लावायची. बाया हसायच्या, एवढं काय पाहते ही पोरगी. टाकी भरून झाल्याशिवाय मात्र मी कुठल्याच घरातून निघाले नाही.