बार्शीटाकळीचं दुपारी बंद पडणारं मशीन

“पाहा भाऊ, आता बंद पडते,” नसरीनबाजी म्हणाल्या आणि त्यांनी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली. आतल्या पंख्याचा आवाजही थांबला.

“मी हात नाई लावला. तुमीच पाह्यलं.”

दाराशी उज्ज्वलाताई उभ्या होत्या.

बार्शीटाकळीला या दोघींनी मिळून डीटीपी सेंटर काढलं होतं. डीटीपी म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पोस्टर यांचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून छपाईला तयार करून देणं. उज्ज्वलाताईंच्या घरची शेती होती, पण त्या वर्षांत कापूस घर चालवत नव्हता. बाजींच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. शेतात पीक नाही म्हटल्यावर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दोघींची ओळख टायपिंगच्या क्लासात झाली. एकीचं मराठी टायपिंग चांगलं, दुसरीचं उर्दू. सकाळी उज्ज्वलाताई बसायच्या, जेवणानंतर बाजी. मशीन माझ्याच अकोल्याच्या दुकानातून गेलेलं, म्हणून तक्रारही माझ्याकडे.

मी बाहेर पाणी प्यायला गेलो, तर उज्ज्वलाताई मागून आल्या.

“भाऊ, खरं सांगा. थे उर्दूचं सॉफ्टवेअर टाकल्यापासून असं होऊन राह्यलं. माह्या टायमात एकडाव बी बंद नाई पडत.”

“ताई, सॉफ्टवेअरनं मशीन हँग होतं. म्हणजे चित्र तिथंच थांबतं, पण मशीन चालू राहतं. हे तर खटकन बंद होतं.”

“मंग नसरीनच काई तरी करत असन.”

त्या हळूच बोलल्या. पण दार उघडं होतं.

मशीन खटकन बंद होतं तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर त्याला वीज मिळत नाही, नाही तर त्यानं स्वतःच ती तोडलेली असते. मी पहिल्या शक्यतेपासून सुरुवात केली. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस नावाचा डबा असतो. तो भिंतीतल्या विजेतून मशीनला चालेल एवढी कमी वीज तयार करतो. सोबत आणलेला चांगला एसएमपीएस लावला. यूपीएस बाजूला काढून थेट बोर्डातून वीज दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद.

मग कॅबिनेट मोटारसायकलवर बांधून अकोल्याला आणलं. टेबलावर आडवं ठेवलं, बाजूचं झाकण काढलं, धूळ साफ केली, रॅम पुसून बसवली. बाजींचं उर्दूचं सॉफ्टवेअर उघडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं. बाहेर अकोल्याचा मे महिना, दुकानात नुसता पंखा. मशीन एकदाही बंद पडलं नाही. आतलं तापमान तपासलं, तेही ठीक होतं.

मी फोन करून सांगितलं, “माझ्याकडे तर दिवसभर चाललं.” मशीन परत पोचवलं.

त्या आठवड्यात बाजी एक मोठी पत्रिका करत होत्या. इज्तेमाई निकाहची, म्हणजे सामूहिक विवाहाची. तेव्हा अशी लग्नं फार होत होती. एकेका घराला मांडव झेपत नव्हता. एका पत्रिकेत सगळ्या जोडप्यांची नावं, त्यांच्या वालिदांची, म्हणजे वडिलांची नावं, सगळं उर्दूत. मजकूर संपत आला आणि मशीन बंद पडलं. मधे सेव्ह केलेलं नव्हतं.

उज्ज्वलाताईंचा फोन आला. “भाऊ, तुमी या. नसरीन सेंटर सोडून चालली.”

“झालं काय?”

“मी म्हणलं, भाऊकडे चालते, माह्याकडे चालते, मंग तुह्याचकडे काहून बंद पडते? तिनं चाव्या टेबलावर ठेवल्या.”

मी भर दुपारी पोचलो. बाजी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना रोजच्यासारखं काम सुरू करायला सांगितलं आणि खाली वाकलो. कॅबिनेट टेबलाखाली उभं होतं.

माझ्या दुकानात ते आडवं होतं.

या वेळी मी ते जागचं हलवलं नाही. उभं असतानाच झाकण काढलं आणि बॅटरी मारली. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, चालताना खूप तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा जड ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवतो. हा ठोकळा प्लास्टिकच्या चौकटीच्या कानांत अडकवतात. त्यातला एक कान तुटलेला होता. उभ्या मशीनमध्ये ठोकळा आपल्या वजनानं खाली लोंबत होता आणि प्रोसेसरपासून केसभर सुटत होता. आडवं ठेवलं की त्याच वजनानं तो नीट बसत होता.

सकाळच्या गारव्यात तेवढ्यावर भागायचं. दुपारी भागत नव्हतं. फार तापलं की जळू नये म्हणून मशीन स्वतःच वीज तोडत होतं. मशीन हिवाळ्यात नेलेलं, हा त्याचा पहिलाच उन्हाळा. सॉफ्टवेअर आणि ऊन एकाच सुमारास आलं होतं. कान बहुतेक वाटेतल्या खड्ड्यांत तुटला असावा. खात्रीनं सांगता येत नाही.

“ताई, तुम्ही बसा,” मी म्हणालो. “मराठीच टाइप करा.”

उज्ज्वलाताई बसल्या. काही ओळी झाल्या आणि मशीन बंद पडलं. त्या काळ्या स्क्रीनकडे पाहत राहिल्या.

मग मी कॅबिनेट आडवं केलं, निवू दिलं आणि बाजींना बसवलं. त्यांनी उर्दूचं सॉफ्टवेअर उघडलं. उतरत्या दुपारची, असरची अजान झाली तरी मशीन चालूच होतं.

“माहं चुकलं, नसरीन,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

बाजींनी टायपिंग थांबवलं नाही. “तू मशीनचं भाऊले विचारलं. मले काई विचारलं नाई.”

मी दोघींना सांगितलं की उद्या चौकट बदलेपर्यंत मशीन असंच आडवं राहू द्या, आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी नवी चौकट घेऊन गेलो तेव्हा पत्रिकेचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. उज्ज्वलाताई मराठीत लिहून आलेल्या यादीवरून एकेक नाव वाचत होत्या आणि बाजी ते उर्दूत उतरवत होत्या. एका नावावर दोघींचं अडलं, तर बाजींनी त्या घरी फोन लावून विचारून घेतलं. मला चौकट बसवायला तासभर थांबावं लागलं, कारण मधे उठायला दोघी तयार नव्हत्या. सेंटर पुढे बरीच वर्षं चाललं.

तेव्हापासून दुकानात आलेलं मशीन मी गिऱ्हाइकाकडे असेल तसंच ठेवून तपासतो. उभं असेल तर उभं. आणि ‘माझ्याकडे तर चाललं’ हे फोनवर सांगत नाही. त्यानं मशीनबद्दल काहीच कळत नाही, पण ऐकणारा त्यातून माणसाबद्दल काहीतरी ठरवून टाकतो.