डाव्या बाजूच्या पट्ट्या

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमच्या बिल्डिंगमध्ये दाराला लिंबू-मिरची नसलेलं घर एकच आणि ते माझं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जातो. या ग्रुपवरचे अनुभव वाचतो तेसुद्धा निव्वळ करमणूक म्हणून... त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याचं माझं मलाच हसू येतंय. तुम्हीही हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी सुरतला राहतो, कोसाडला, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी इथे आले आणि जन्मभर लूमच्या खात्यात राबले. खातं म्हणजे इथल्या भाषेत कारखाना. लूम चालू असताना शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. आबांचे दोन्ही कान त्यातच गेले. जाड आवाज यायचे, बारीक आवाज गायब. कुकरची शिट्टी झाली की आम्हीच सांगायचं, आबा, झाली.

आणि अशा माणसाला शौक कसला, तर गाण्यांचा! जुन्या बाजारातून एकेक वस्तू जमवून त्यांनी घरात सिस्टिम उभी केली. अँप्लिफायर, कॅसेट डेक, दोन मोठे स्पीकर आणि मधे इक्वलायझर. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : काळा डबा, त्यावर वरखाली सरकणाऱ्या छोट्या पट्ट्यांच्या दोन रांगा. एक रांग डाव्या स्पीकरची, एक उजव्याची. रांगेतली प्रत्येक पट्टी एकेका आवाजाची, आधी जाड, मग बारीक होत जाणारे. पट्टी वर केली की तो आवाज वाढतो. आबा दोन्ही रांगांतल्या बारीक आवाजाच्या पट्ट्या पार वर चढवून ठेवत. कानाला जे कमी पडतं ते पट्टीने भरून काढायचं, असा साधा हिशोब. त्यांना त्यात गोडी वाटायची, आम्हाला कानात सुई घातल्यासारखं व्हायचं.

माझ्या बायकोचं, रंजनाचं, सासऱ्यांशी चांगलंच गूळपीठ होतं. लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत आबांसारखं ओठांनी बोलायला शिकली. ती ओट्याजवळून नुसते ओठ हलवायची, आबा खुर्चीत खो-खो हसायचे आणि मी मधे ठोंब्यासारखा उभा. पुढे तिला सवयच लागली, कोणाशीही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची.

आबा गेल्यावर मी सगळ्या पट्ट्या मधोमध आणल्या. मधे बारीकसा खटका असतो, पट्टी तिथे अडकून बसते. दोनेक वर्षं त्या तिथेच होत्या. डाइंग मिलच्या ऑफिसातून आलो की मी गाणी लावायचो, कधी काही नाही.

यंदा रंजना भाचीच्या लग्नाला माहेरी, धुळ्याला गेली. मुलगी होस्टेलला, घरात मी एकटा. संध्याकाळी सिस्टिम लावली — आणि डावा स्पीकर किंचाळलाच. बघतो तर डाव्या रांगेतल्या बारीक आवाजाच्या पट्ट्या जिन्यासारख्या चढलेल्या, शेवटची सगळ्यात उंच. उजवी रांग मात्र जशीच्या तशी. मला वाटलं, पुसताना माझाच हात लागला असेल. (मी कधी काय पुसतो ते रंजनाला विचारा.) पट्ट्या खाली आणल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच!

घराच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, दुसरी रंजनाबरोबर धुळ्याला. शेजारचे मुकेशभाई टीव्ही दुरुस्त करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी डबा उघडून पाहिला, बंद केला आणि म्हणाले, "वायब्रेशनथी थयुं हशे."

"अहो, थरथरून पट्टी खाली येईल. खटका सोडून वर कशी चढेल?"

"तो पछी काकाने पूछो," असं म्हणून ते हसले.

काकांना, म्हणजे आमच्या आबांना विचारा म्हणे! मला रागच आला. आणि आबांचंच म्हणावं, तर ते दोन्ही रांगा चढवायचे. ही एकीकडचीच भानगड मला काही समजेना. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी म्हटलं, जा, राहा वरच. हातच लावला नाही.

रंजना परत आली. संध्याकाळी दोघं बसलो, मी सवयीने गाणं लावलं. डावीकडचं ते किंचाळणं सुरू झालं. आता ही वैतागणार म्हणून मी बंद करायला उठलो, तर ही डोळे मिटून म्हणते, "आज गानं कसं बराबर वाटस."

"बरोबर? डावीकडे कान फाटतोय माझा!"

"नई हो. दोन्ही बाजूनी सारखं येस."

असं बोलणारं माणूस या घरात आजवर एकच होतं, आणि ते का बोलायचं हे मला ठाऊक होतं. मी मोबाइलवर मुलीचा व्हॉइस मेसेज लावून तिच्या डाव्या कानाला धरला.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नई."

उजव्या कानाला धरला. "पोर बोली राह्यनी," ती म्हणाली... आणि मग तिचाही चेहरा उतरला.

हळदीच्या दिवशी कान अचानक बसला होता. डीजेने बसला असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. तिच्या आईने लसणाचं तेल कोमट करून घातलं. "दोन दिनमा बरा व्हई जाई म्हटलं. तुमले सांगं तर तुम्ही लगेच दवाखाना काढतस." ती ओठ बघून उत्तरं देत होती, त्यामुळे कान किती गेलाय ते तिकडे कोणाला कळलं नाही. घरी आल्यावर मलाही कळलं नाही.

हळदीचा दिवस म्हणजे माझा स्पीकर पहिल्यांदा किंचाळला तोच दिवस.

सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तेल बंद करायला सांगितलं. मळ नाही, कानाची नस आहे म्हणाले. कधी कधी अशी अचानक बसते, कारण सापडतंच असं नाही, पण उपचार लगेच सुरू व्हावे लागतात. बारीक आवाजच जास्त गेले होते. "महिनाभर तेल घालत बसला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं. लक्षात कसं आलं तुमच्या?"

"गाणं ऐकताना," मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं.

गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. ती आत गेली की मी बाहेर बाकावर बसून मनातल्या मनात विनवण्या करायचो. कोणाला ते विचारू नका.

हळूहळू फरक पडला. एका संध्याकाळी तीच म्हणाली, "तो डावा स्पीकर कमी करा ना, टोचस." मी म्हटलं, तूच कर. तिने एकेक पट्टी खाली आणली, शेवटची तेवढी थोडी वर ठेवली. डॉक्टरही म्हणालेच होते, अगदी बारीक आवाजात थोडी कसर राहील. त्यानंतर आजपर्यंत एकही पट्टी हललेली नाही.

योगायोग म्हणा. ऑफिसात मीही तेच सांगतो. पण ती धुळ्याला, डबा सुरतला, दाराला कुलूप — याचा मेळ मला अजून लागलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला लागला तर जरूर कळवा, मी मनापासून ऐकेन.

गेल्या रविवारी दुपारी ती उजव्या कुशीवर पडली होती, चांगला कान उशीत दाबलेला. मी मुद्दामच स्वयंपाकघरातून हळू आवाजात विचारलं, "चहा टाकू का?"

"टाका ना, इचारतस काय?"

मी गॅस पेटवला आणि तिथेच उभ्या उभ्या रडलो.