मावशीचा रेडिओ आणि साहेबाची मेंढी

नागपूरच्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तर पुढे शिकायचं, नाही तर उन्हाळ्यात स्थळं पाहायची, असं घरात ठरलं होतं. लेखी परीक्षा झाली होती. उरली होती ती ऐकण्याची. गोरा साहेब एक इंग्रजी उतारा दोनदा वाचणार आणि मी तो ऐकून इंग्रजीतच सांगायचा.

अमरावतीच्या इंग्रजी शाळेत मी लहानपणापासून होते, पण शिकवायला सगळ्या आपल्याकडच्याच बाया. साहेबाच्या तोंडचं इंग्रजी मी कधी ऐकलंच नव्हतं. म्हणून मला महिनाभर अकोल्याला, जठारपेठेत मावशीकडे पाठवलं. तिथे काकांनी लढाईच्या बातम्यांसाठी रेडिओ घेतला होता आणि त्यावर इंग्रजी बातम्या साहेबच सांगायचा.

संध्याकाळी मावशी बाजारात जाणाऱ्या मेथीच्या जुड्या बांधत बसायची. इंग्रजी बातम्या लागल्या, की ती आधी डोक्यावर पदर घ्यायची.

"अवं, तो दिल्लीत बसला आहे," काका म्हणायचे. "त्याले तुयं डोकं दिसत नाही."

"मले तं तो ऐकू येते ना. परका माणूस घरात बोलून राहिला, अन् मी उघड्या डोक्यानं बसू काय?"

मला हसू यायचं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीही पदर घेऊन खाली पाहत बसू लागले. तसं बसलं की तो आवाज जरा कमी परका वाटे.

पहिल्या दिवशी मला जवळजवळ काहीच कळलं नाही. शब्द ओळखीचे, पण एकमेकांना धरून पळणारे.

"काय म्हणून राहिला वं तो?" मावशीनं विचारलं.

"नाही समजलं."

"मंग इतके वर्षं शाळेत काय करत होती?"

तिनं मला सोडलं नाही. रोज बातम्या संपल्या की तिचे प्रश्न ठरलेले: कुठली गोष्ट, कोणाचं काय हरपलं, कोणी मेलं का. मग मी प्रत्येक शब्दामागे धावणं सोडून एवढंच शोधू लागले. तो श्वास कुठे घेतो, कुठे आवाज खाली आणतो, हे हळूहळू कळू लागलं. माणसाचा चेहरा न पाहता त्याला ओळखू लागावं, तसं काहीसं. महिना संपता संपता मावशीला मी सगळं सांगू शकत होते, अर्थात तिच्या बोलीत.

परीक्षेच्या खोलीत साहेब होते आणि बाजूला आमच्याकडच्या एक निरीक्षक बाई. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी खाली पाहत ऐकलं. उतारा एका मेंढपाळाचा आणि बर्फात हरवलेल्या त्याच्या मेंढीचा होता. दुसरं वाचन संपलं. "सांगा," साहेब इंग्रजीत म्हणाले.

"मेंढी हरपली त्याची," मी म्हणाले. "बर्फात. रातभर हुडकली त्यानं, मंग सापडली."

मी काय करून बसले ते कळायला क्षण लागला. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई पदराआड हसत होत्या.

"हिनं ऐकलंय सगळं," त्या साहेबांना इंग्रजीत म्हणाल्या. "फक्त भाषा चुकली."

"मग आता माझ्यासाठी," साहेब म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, या वेळी इंग्रजीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि सवयीनं जोडलं, "कोणीही मेलं नाही, सर."

साहेबांनी चष्मा काढला, तशी मी पुन्हा खाली पाहू लागले. "छान," ते म्हणाले. ते हसले की नाही, हे मी खाली पाहत असल्यामुळे मला दिसलं नाही. आवाजावरून हसले असावेत.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं, तेव्हा मी अकोल्याला जाऊन मावशीला तो उतारा सांगितला. तिनं मेथीची जुडी हातात तशीच धरून पूर्ण ऐकला.

"गाभण होती का मेंढी?"

"ते साहेब बोललेच नाहीत."

"मंग तू विचारलं काहून नाही?"

नागपूरच्या गाडीत बसेपर्यंत मी त्यावर विचार करत होते.