वळचण नसलेलं घर

साखरशेतचं आमचं जुनं घर कुडाचं होतं, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेलं. छपराची वळचण इतकी खाली उतरायची की वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. पण ऊनही भिंतीला शिवत नसे. ते पाडून तिथंच सरकारी घरकुल उभं राहिलं, चौकोनी आणि सपाट स्लॅबचं. नकाशा आधीच ठरलेला. आम्हाला विचारतो कोण?

बाचे पाय गेल्या वर्षी गेले. उन्हाळ्यात आतली खोली भट्टीसारखी तापते, म्हणून सकाळी मी आणि आई त्याची खाट बाहेर पश्चिमेच्या भिंतीला टाकतो. भर दुपारी मात्र या घराला सावलीच उरत नाही. वळचणच नाही, तर पडणार कुठून? अंगणातला आंबाही बांधकामात गेला. मग बाला कवेत उचलून आत न्यावंच लागतं.

दाराशी आलो की तो अजून मान खाली घालतो. "बा, दार उंच आहे आता," मी दरवेळी सांगतो. तो ऐकत नाही. मान वाकवली की पुढे गारवा लागतो, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक आहे. आत गेल्यावर तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला घेऊन चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलोय.