ग्लास वाढला

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या आईच्या तोंडी तर बरणी, आरसा, कंदिलाची काच, काचेचं काहीही फुटलं की वाढायचंच. तीच सवय माझ्या जिभेला. आणि त्यापायी इथे अमेरिकेत, ट्रॉयला, मुलाच्या घरात, मी खोटारडी ठरले.

सुनेचे सहा ग्लास होते. जुने, फ्रान्सचे, दांडीचे, कारागिराने तोंडाने फुंकून केलेले. एकाची उंची दुसऱ्याला जुळत नाही, काचेत बारीक बुडबुडे, बुडाशी सळईवरून तोडल्याची खरबरीत खूण. मला फार आवडायचे हो! डिशवॉशरला लावायचे नाहीत म्हणून मीच हाताने धुवायचे. त्या दिवशी स्टीलच्या पेल्यात फिरवावं तसं फडकं आत कोंबून फिरवलं. कट्ट झालं. दांडी एका हातात, वरची वाटी दुसऱ्यात.

तशीच जिना चढून वर गेले. सून मीटिंगमध्ये. एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाली, "काय आई?"

"अगं, तुझा एक ग्लास वाढला गं."

"अरे वा, नाइस!"

ती जन्मलेली इथलीच. मला वाटलं, किती मोठ्या मनाची पोर!

शनिवारी मुलाच्या ऑफिसातलं तेलुगू जोडपं लेकीला घेऊन जेवायला आलं. टेबल मांडताना ग्लास पाचच.

"आई, सिक्स होते ना?"

"सांगितलं की तुला. वाढला म्हणून."

"वाढला मीन्स मोअर! मला वाटलं, अजून एक सापडला तुम्हाला. फुटला तर फुटला म्हणायचं ना. लपवलंत कशाला?"

मी मुलाकडे बघितलं. शाळेत असताना चेंडू मारून शेजाऱ्यांची खिडकी फोडली, तेव्हा हाच माझ्या पदराआड येऊन म्हणाला होता, "आई, काच वाढली." मला हसू आलं आणि त्याचा मार चुकला.

तो फ्रिजमधून बर्फ काढत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे ना आई. पुढच्या वेळी नीट सांगत जा."

मी स्टीलच्या भांड्यातून पाणी प्यायले. पाहुणे माझ्याकडे बघून कसनुसं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाच ग्लास सगळ्यात वरच्या फळीवर गेले. स्टूल घेऊन मुलगाच चढला. एकेक हातात द्यावा म्हणून मी पुढे झाले, तर म्हणाला, "राहू दे, आई. मी घेतो."