अर्ध्या कपाची आत्या

आत्याच्या हातात कुणी भरलेला चहाचा कप दिला, की ती आधी एक रिकामा कप मागायची. त्यात अर्धा चहा ओतायची, तो शेजारच्याला द्यायची आणि मगच आपला कप ओठांना लावायची. लग्नघर असो, मयताचं घर असो, की रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात उभ्या उभ्या घेतलेला चहा असो, हा नेम कधी चुकला नाही. आमच्या गोतावळ्यात तिला ‘अर्ध्या कपाची आत्या’च म्हणत. तिला ते ठाऊक होतं. “म्हणू देत. पूर्ण कपाचे बाकी सगळे आहेतच की,” एवढंच ती एकदा म्हणाली.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर नर्सची नोकरी केली. माझी आई लवकर गेली आणि रास्ता पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत मी लहानाचा मोठा झालो. तिच्या हाताखाली वाढूनही मी असा खादाड आणि मोठ्या तोंडाचा कसा निघालो, हे आमच्या नातेवाइकांना न सुटलेलं कोडं आहे. “बेतानं, संजू,” हे दोन शब्द मी माझ्या नावापेक्षाही जास्त वेळा ऐकले असतील. बेतानं खा, बेतानं बोल, देवापुढे रडायचं तर तेही बेतानं रड, त्याला ऐकू येतं.

उपवासकाळात चर्चमध्ये कुणी मटण सोडायचं, कुणी चहा, आणि सोडल्याची बातमी सगळ्यांना द्यायचं. आत्या काहीच सोडायची नाही. “चाळीस दिवस सोडायचं आणि ईस्टरला तुटून पडायचं, त्यापेक्षा वर्षभर बेतानं घ्यावं. देवही दचकत नाही,” असं तिचं मत. उपवास दाखवायचा नसतो आणि जेवणही दाखवायचं नसतं, हेही तिचंच.

नाताळच्या प्रीतिभोजनाला रश्श्याचा डाव मात्र तिच्याच हातात असायचा. वर्षानुवर्षं तोच, लाकडी मुठीचा, घरून पिशवीतून आणलेला. प्रत्येक ताटात एक डाव. पाळकसाहेब असोत की फाटकावरचा वॉचमन, एकच. पहिल्या पंगतीला मिळालं तेवढंच शेवटच्या पंगतीला मिळालं पाहिजे, हा तिचा कायदा. मी एकदा चिडून म्हणालो, “आत्या, काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस बेतानं केला होता का? सहा रांजण काठोकाठ केला!” पंगत हसली. आत्यानं माझ्या ताटात एकच डाव घातला आणि म्हणाली, “तो देणारा होता. मी वाढपी आहे. सरक पुढे.”

गुडघ्यांनी जिना नाकारला तेव्हा मी तिला आमच्याकडे वाघोलीला आणलं. आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं. आत्याची अंघोळ एका बादलीत व्हायची आणि त्यातलंही तांब्याभर उरायचं, ते तुळशीला नाही तर कढीपत्त्याला. माझा शॉवर चालू असला की बाहेरून आवाज यायचा, “संजू, खडकवासला भरलं म्हणून पेपरात फोटो आलाय. ते तू एकट्यानं रिकामं करावंस असं लिहिलेलं नाही.” माझी बायको कृपा पोट धरून हसायची. मला मात्र कधी कधी खरंच राग यायचा. स्वतःला इतकं थोडं घेणाऱ्या माणसासमोर पोटभर जेवणंसुद्धा गुन्हा वाटतो.

तिचं दुखणं उशिराच उघडकीला आलं. “पाठ जरा धरलीये,” असं ती दोन महिने म्हणत होती आणि आम्ही मलम आणून देत होतो. तपासण्या झाल्या तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. ती बरी होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आता तिच्या वेदना कमी करणं एवढंच हातात होतं, आणि तेवढं तरी नीट व्हावं असं मला वाटत होतं.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायच्या. “आजी, दहापैकी किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.”

“चार,” आत्या म्हणायची.

बाई लिहून घ्यायच्या आणि चारला द्यायचं तेवढं औषध द्यायच्या. त्यांचं काय चुकलं? जन्मभर नर्स असलेली बाई शुद्धीत राहून स्वतःचं दुखणं सांगते आहे, त्यावर कोण शंका घेणार? मला शंका होती. भरलेला कप अर्धा करणारी बाई दुखणं पूर्ण सांगणार नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तरी तीन सकाळी मी गप्प बसलो. तिला परक्यांसमोर खोटं पाडवेना, असं मी कृपाला सांगितलं. खरं कारण निराळं होतं. चारवर विश्वास ठेवला की मला खाली जाऊन डबा खाता येत होता.

चौथ्या दिवशी तिचे हात पुसायला मी तिची मूठ उघडली. तळहातात नखं रुतून रक्त साकळलं होतं. मी दुसरी मूठ उघडली. तिथंही तेच.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. “आजी, आज किती?”

“चार.”

“दहा,” मी म्हणालो. माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

आत्या संतापली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला. “खोटं कशाला बोलतोस? दहा येशूला वधस्तंभावर झालं. आपलं कुणाचं दहा नसतं.”

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. मग त्या वाकून म्हणाल्या, “ते वेगळं ठेवू या, आजी. तुम्ही सांभाळलेल्या पेशंटांत धरलं तर किती?”

आत्या कितीतरी वेळ छताकडे बघत होती. “नऊ,” ती म्हणाली आणि लाज वाटल्यासारखं तोंड भिंतीकडे वळवलं.

औषध बदललं. त्या दुपारी ती झोपली, मुठी सैल सोडून झोपली. आणखी पाच दिवसांनी ती गेली. “सिस्टर शांतपणे गेल्या,” असं सगळे म्हणाले. गेली शांतपणेच. पण औषध बदलण्याआधीचे ते तीन दिवस माझ्या गप्प बसण्यामुळे दुखण्यात गेले, आणि ते काही केल्या पुसले जात नाहीत.

संयम हे देवाचं देणं आहे, असं पाळकसाहेब दफनविधीत म्हणाले. मी मान हलवली. तरी आत्याशी माझं भांडण अजून चालू आहे. तू कप अर्धा केलास तो शेजारच्यासाठी, हे कळलं. औषध अर्धं केलंस ते कुणासाठी? कुणाच्या वाट्याचं कमी पडणार होतं? याच बाईनं आपल्या पेशंटांना “दुखत असेल तर ओरडा, लाजू नका,” असं आयुष्यभर सांगितलं होतं.

या नाताळात तो लाकडी मुठीचा डाव माझ्या हातात आला. मी तिच्यासारखं वाढायचं ठरवलं होतं, पण जमेना. कुणी ताटावर आडवा हात धरून “बास, बास” म्हटलं, की मला त्यांचं खरं वाटेना. मी दोनदा विचारत होतो आणि दुसऱ्यांदा वाढत होतो. शेवटच्या पंगतीच्या शेवटच्या ताटापाशी आलो तेव्हा पातेल्यात डाव नुसता खरडला.

पुढे एक म्हातारी बाई बसली होती, भाताचा ढीग घेऊन. “असू दे हो,” ती म्हणाली. “मला काय, थोडं चालतं.”

मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. मग आत गेलो, कृपानं माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

“आणि तुम्ही?”

“माझं झालंय,” मी म्हणालो.

भूक मरणाची लागली होती. दहापैकी चार.